पांढरे कोड आणि घरच्या घरी प्रकाशोपचार : काय खरे, काय करावे, काय टाळावे

वस्तीपातळीवर काम करताना एक गोष्ट वारंवार दिसते. ओठाजवळ किंवा हातावर पांढरा डाग दिसला की घरचे आधी लेप, मग बाबा आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर गाठतात. मुलगी असेल तर लग्न होईपर्यंत डाग लपवण्यातच वर्षे जातात. उपचाराचा उपयोग होण्याची शक्यता सुरुवातीला जास्त असते, आणि नेमका तोच काळ वाया जातो.

कोड म्हणजे काय?

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते, त्या पेशी नष्ट होतात आणि तिथे पांढरा डाग पडतो. जगात साधारण 0.5 ते 2 टक्के लोकांना कोड असते. ते स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा शरीरसंबंधाने पसरत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने ते होत नाही. ‘श्वेतकुष्ठ’ हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण कोडाचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. मात्र डाग फिकट असेल आणि तिथे बधिरता जाणवत असेल तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्यावी. तोही औषधाने पूर्ण बरा होतो.

प्रकाशोपचार कसा काम करतो?

यात सुमारे 311 नॅनोमीटर तरंगलांबीची अतिनील किरणे वापरतात. याला ‘नॅरोबँड यूव्हीबी’ म्हणतात. ही किरणे प्रतिकारशक्तीचा हल्ला शमवतात आणि केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशींना जागे करतात. म्हणून नवा रंग बहुधा केसाभोवती ठिपक्यांच्या रूपात येतो. चेहरा आणि मान चांगला प्रतिसाद देतात. बोटांची टोके आणि ओठ फारच कमी.

घरी यंत्र कशासाठी?

आठवड्यातून दोन-तीन वेळा, महिनोन्‌महिने दवाखान्यात जायचे म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाची तितकी मजुरी बुडते. उपचार अर्धवट सुटण्याचे हे मोठे कारण आहे. डाग थोडे आणि लहान असतील तर हातात धरायचे छोटे यंत्र घरी वापरता येते. अंगभर डाग असतील तर रुग्णालयातील मोठे यंत्रच योग्य.

वापरताना पाळायचे नियम

- आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान करून घ्या. मात्रा आणि वेळ त्यांनीच ठरवावी.
- सलग दोन दिवस किरणे घेऊ नका. मध्ये किमान एक दिवस जाऊ द्या.
- डागावर हलका गुलाबीपणा येऊन तो 24 तासांत मावळला तर मात्रा योग्य आहे. लाली त्याहून जास्त टिकली तर पुढची वेळ टाळून डॉक्टरांना विचारा. फोड आले तर उपचार थांबवा.
- अतिनील किरणे अडवणारा चष्मा लावा. जननेंद्रिये आणि निरोगी त्वचा झाकून ठेवा.
- तारीख, वेळ आणि लाली वहीत लिहा. महिन्यातून एकदा त्याच उजेडात फोटो काढा.
- ल्युपस, त्वचेचा कर्करोग किंवा उन्हाने त्रास वाढवणारी औषधे चालू असतील तर आधी सांगा. गरोदर स्त्रियांनीही विचारूनच घ्यावे.
- एकाची मात्रा दुसऱ्याला चालत नाही.
- कोरोनाकाळात आलेले निर्जंतुकीकरणाचे दिवे यासाठी कधीही वापरू नका. त्यांची किरणे वेगळी असतात, त्वचा आणि डोळे भाजतात. बावची लावून उन्हात बसल्यानेही गंभीर भाजते.

अपेक्षा किती ठेवावी?

ब्रिटनमध्ये 517 रुग्णांवर घरगुती यंत्राची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2021 मध्ये छापून आले. नऊ महिन्यांनी निवडलेला डाग बराच कमी दिसू लागल्याचे सांगणारे रुग्ण असे : नुसत्या स्टेरॉइड मलमाने 17 टक्के, नुसत्या किरणांनी 22 टक्के, दोन्ही मिळून 27 टक्के. उपचार थांबल्यावर अनेकांचे डाग परतले. म्हणजे उपयोग आहे, पण चमत्कार नाही. किमान सहा महिने धीर धरावा लागतो. मलमही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे.

फसवणूक ओळखा

‘कोड मुळापासून बरे’ अशी जाहिरात दिसली तर लक्षात ठेवा : औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, 1954 च्या अनुसूचीत कोडाचा समावेश आहे. अशा औषधांची जाहिरात करण्यास कायद्याने बंदी आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

आपली जबाबदारी

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये राजगृहाच्या सुप्रबुद्धाची कथा घेतली आहे. तो कुष्ठरोगी होता, गर्दी पाहून अन्न मिळेल या आशेने आला होता. तथागतांनी त्या सभेत त्यालाच धम्म समजण्यास समर्थ मानले. त्वचेवरून माणूस तोलायचा नाही, हे आपल्याला नव्याने शिकायचे नाही, पाळायचे आहे. तरीही आपल्याच वधू-वर मेळाव्यांत ‘डाग आहेत का?’ हा प्रश्न विचारला जातो.

कार्यकर्त्यांनी एवढे करावे : विहारात त्वचारोग तपासणी शिबिर घ्यावे, जवळच्या शासकीय रुग्णालयात प्रकाशोपचाराची सोय आहे का याची चौकशी करावी आणि पहिल्या भेटीला रुग्णासोबत जावे. 25 जून हा जागतिक कोड दिन आहे. त्या दिवशी वस्तीत या विषयावर उघडपणे बोलावे. जे लपवावे लागत नाही, त्यावर उपचारही वेळेत होतो.

जय भीम, नमो बुद्धाय.