तेंदूपान, बाजार आणि उत्तरदायित्व

व्यापार आणि लोकहित ह्यांचे कायमचे वैर आहे, असा एक समज आपल्याकडे दृढ आहे. बाजाराला मोकळे सोडले की सर्वांचे भले आपोआप होते, असा दुसरा समज अलीकडच्या काळात रूढ झाला. बालाघाट जिल्ह्यातील तेंदूपानाचा इतिहास पाहिला, म्हणजे हे दोन्ही समज अर्धेच खरे आहेत असे ध्यानात येते.

भंडारा, मंडला आणि शिवनी ह्या जिल्ह्यांचे भाग जोडून 1867 मध्ये बालाघाट जिल्हा अस्तित्वात आला. वारासिवनी-लांजीकडील वैनगंगेचे खोरे धानाचे, तर घाटावरील बैहरचा प्रदेश साल, बांबू आणि गोंड-बैगा वस्त्यांचा. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदिया-जबलपूर नॅरोगेज लोहमार्ग ह्या भागातून गेला. त्याच सुमारास जबलपूरकडे विडीचा धंदा मूळ धरू लागला आणि पुढे तो भंडारा-गोंदिया परिसरातही फोफावला. विडीसाठी तंबाखू दुरून आणता येई. पान मात्र ह्याच वनांतले लागे. आपण जिला टेंभुर्णी म्हणतो, त्या झाडाच्या पानाला अशा रीतीने बाजारात मोल आले.

ह्या मोलाचा पहिला परिणाम वनाला सुखावह नव्हता. मालगुजारी 1951 मध्ये संपली आणि खासगी जंगले शासनाकडे आली, तरी पानांचा व्यापार ठेकेदारांच्याच हाती राहिला. ठेकेदाराचा वनाशी संबंध हंगामापुरता. कोवळी पाने लवकर फुटावीत म्हणून खालचे रान पेटविले जाई आणि त्या वणव्यात सालाची रोपेही जळत. पाने तोडणाऱ्याला ठेकेदार देईल तीच मजुरी घ्यावी लागे. खरेदीदार जवळपास एकटा असल्याने भावाची घासाघीस करण्यास त्याला वावच नव्हता.

मध्य प्रदेश शासनाने 1964 मध्ये कायदा करून हा व्यापार आपल्या नियंत्रणाखाली घेतला. महाराष्ट्राने 1969 मध्ये तोच मार्ग धरला. पानांचा दर आता शासन ठरवू लागले, परंतु खरेदीचे अभिकर्ते म्हणून ठेकेदार कायम राहिले. खरा पालट 1988 च्या निर्णयाने झाला. ठेकेदार बाजूस सारून गावपातळीवर प्राथमिक सहकारी समित्या, जिल्ह्याला संघ आणि वर 1984 मध्ये स्थापन झालेला राज्य लघु वनोपज संघ, अशी त्रिस्तरीय रचना उभी राहिली. पन्नास पानांचा पुडा आणि हजार पुड्यांचा मानक बोरा, ह्या मापाने संकलकाच्या नावावर नोंद होऊ लागली. फडावरची ही नोंदवही दिसायला साधी. पण मजुराला हिशेब मागण्याचा आधार तिनेच दिला.

पुढे 1996 च्या पेसा कायद्याने गौण वनोपजावरील ग्रामसभेचा हक्क मान्य केला. 1998 पासून व्यापाराचा निव्वळ नफा समित्यांकडे वळविण्याचे धोरण आले. त्यातील किमान अर्धा वाटा संकलकांना आणि उर्वरित वनसंवर्धन व गावाच्या सोयींसाठी, अशी ही विभागणी होती. जाळण्याऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी केली, तर पान मोठे व मऊ येते आणि त्याला भावही चांगला मिळतो. पुढील वर्षीचे पान आपलेच आहे, अशी खात्री असणारा मनुष्य रानाला आग लावण्यापूर्वी विचार करतो. ह्याचा अर्थ वणवे थांबले असा नव्हे. ते न लावण्यात गावाचा स्वार्थ निर्माण झाला, एवढाच.

राज्याची मक्तेदारी हेच ह्या कथेचे अखेरचे प्रकरण नव्हे. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर शेजारच्या गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी तेंदूपानाचे व्यवहार स्वतः केले. मध्य प्रदेशात 2022 च्या पेसा नियमांनी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना, म्हणजे आपल्या जिल्ह्यात बैहर भागातील गावांना, तशी वाट मोकळी करून दिली. लिलाव, साठवण आणि उधारीची जोखीम आता गावाला पेलावी लागेल. हक्कासोबत हिशेबाचे शिक्षण पोहोचले नाही, तर जुना ठेकेदार नव्या वेशात परत येण्यास वेळ लागणार नाही.

आणखी एक प्रश्न उरतोच. हेच पान शेवटी विडी वळणाऱ्या स्त्रीच्या तंबाखूच्या धुळीने भरलेल्या खोलीत आणि ओढणाऱ्याच्या छातीत पोहोचते. रानाचे हित पाहणाऱ्या ह्या व्यवस्थेने त्या दोघांचे हित पाहिले आहे, असे म्हणवत नाही. विडीची मागणी ओसरली, तर संकलकाच्या उन्हाळ्यातील मिळकतीचे काय, ह्याचे उत्तरही आजच शोधावयास हवे. मोह, चिरोंजी, हिरडा, लाख ह्या वनोपजांच्या व्यापाराला तेंदूपानाचा अनुभव उपयोगी पडू शकेल.

बाजार स्वभावतः सज्जन नसतो आणि दुर्जनही नसतो. वजन कोणाच्या काट्यावर होते, वही कोणाला वाचता येते आणि नफ्यातला वाटा कोणाच्या घरी जातो, ह्यावर त्याचे वर्तन ठरते. बालाघाटच्या रानाने हा धडा घेण्यास जवळजवळ एक शतक खर्ची घातले. बैहरच्या ग्रामसभांना तो पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागू नये.