जुना ईपीएबीएक्स इंटरनेट दूरध्वनीला जोडताना

हिंगोली, प्रतिनिधी - टेबलावरचा दूरध्वनी तोच आणि कोपऱ्यातील ईपीएबीएक्सही तोच. मात्र भिंतीबाहेर जाणाऱ्या तांब्याच्या तारेची जागा फायबर घेत आहे. परभणीपासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, त्या काळात कार्यालये, रुग्णालये, पतसंस्था आणि अडत पेढ्यांना अंतर्गत संपर्कासाठी ईपीएबीएक्स हाच भरवशाचा पर्याय होता. आता इंटरनेटवरील दूरध्वनी सेवा घ्यायची तर ही चालती यंत्रणा भंगारात काढावी लागेल काय, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर नकारार्थी आहे. दोन्ही यंत्रणा जोडणारे उपकरण लहान आहे. खरी काळजी घ्यावी लागते ती वीज, आपत्कालीन क्रमांक आणि कायदा या तीन बाबींची.

ट्रंक आणि एक्स्टेंशन

ईपीएबीएक्स म्हणजे कार्यालयाचे स्वतःचे छोटे टेलिफोन एक्स्चेंज. त्याच्या एका बाजूस बाहेरून येणाऱ्या ट्रंक लाइन आणि दुसऱ्या बाजूस आतील टेबलांवर जाणारी एक्स्टेंशन असतात. २ ट्रंक आणि ८ एक्स्टेंशन असतील तर आठही टेबले आपसात बोलू शकतात. बाहेर मात्र एका वेळी दोघांनाच बोलता येते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने सुरुवातीच्या काळात १२८ लाइनचा पीबीएक्स आणि त्याच क्षमतेचे ग्रामीण एक्स्चेंज विकसित केले. या स्वदेशी तंत्रामुळे एक्स्चेंज छोट्या गावांपर्यंत पोहोचले.

इंटरनेटवर आवाजाचा प्रवास निराळ्या पद्धतीने होतो. प्रचलित पद्धतीत आवाजाचे दर सेकंदाला ८,००० नमुने घेऊन त्यांचे अंकांत रूपांतर केले जाते आणि ते सेकंदाला साधारण ५० लहान पाकिटांतून पाठवले जातात. समोरची घंटा वाजवणे, फोन उचलला गेल्याची नोंद घेणे आणि संभाषण संपवणे ही कामे ‘सिप’ या नियमावलीनुसार होतात. तिची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये, तर आज वापरात असलेली मूळ आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या यंत्राला ही भाषा समजत नाही. म्हणून मध्ये गेटवे नावाचा दुभाषा बसवावा लागतो.

जोडणीचे तीन मार्ग

पहिला मार्ग लहान कार्यालयांसाठी आहे. इंटरनेट सेवा गेटवेमध्ये येते आणि गेटवेच्या ‘एफएक्सएस’ सॉकेटमधून निघालेली तार ईपीएबीएक्सच्या ट्रंक सॉकेटमध्ये जाते. एफएक्सएस सॉकेट डायल टोन आणि घंटेचा विद्युतप्रवाह पुरवते. त्यामुळे आपण जुन्याच लाइनला जोडलेलो आहोत, असे ईपीएबीएक्सला वाटते. फायबर जोडणीसोबत मिळणाऱ्या मोडेमवरील ‘फोन’ असे लिहिलेले सॉकेट म्हणजे असाच छोटा गेटवे होय. त्यातील तार ट्रंकला जोडणाऱ्या कार्यालयाने ही जोडणी नकळत केलेलीच असते.

दुसरा मार्ग याच्या उलट आहे. नवा इंटरनेट आधारित पीबीएक्स घेतला, पण जुना क्रमांक तांब्याच्या लाइनवरच ठेवायचा असेल, तर ‘एफएक्सओ’ सॉकेटचा गेटवे लागतो. हे सॉकेट घंटा स्वीकारते, पुरवत नाही. दोन्ही सॉकेट दिसायला सारखीच असतात आणि त्यांची अदलाबदल हे जोडणी न चालण्याचे नेहमीचे कारण ठरते. तिसरा मार्ग मोठ्या संस्थांसाठी आहे. तेथे एकाच जोडणीवर ३० संभाषणे वाहून नेणारी पीआरआय लाइन असते. तिच्यासाठी स्वतंत्र गेटवे मिळतो.

इंटरनेटचा वेग किती हवा, याचा हिशेब सोपा आहे. साध्या पद्धतीच्या एका संभाषणास दोन्ही दिशांना सुमारे ८० ते ९० किलोबिट प्रतिसेकंद लागतात. आठ जण एकाच वेळी बोलत असले तरी पाऊण मेगाबिटच्या आसपास भागते. वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचे. आवाज पोहोचण्यास एका दिशेने १५० मिलिसेकंदांपेक्षा अधिक वेळ लागू नये, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा निकष आहे. हळदीच्या बाजारात सांगलीच्या व्यापाऱ्याशी भाव ठरवताना एक आकडा तुटला, तर त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून राऊटरमध्ये संगणकावरील डाउनलोडपेक्षा आवाजाला अग्रक्रम द्यावा.

वीज गेली तर

तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधील बॅटरीतून ४८ व्होल्टचा पुरवठा होत असे. त्यामुळे गावात वीज नसली तरी त्या लाइनवरील साधा दूरध्वनी चालत असे. फायबरमधून प्रकाश येतो, वीज नव्हे. फायबर मोडेम, गेटवे आणि ईपीएबीएक्स यांपैकी एकाचाही पुरवठा खंडित झाला की बाहेरचा संपर्क तुटतो. अनेकदा जुन्या ईपीएबीएक्सला बॅटरी असते, पण मोडेम साध्या प्लगवर राहतो. तिन्ही उपकरणे एकाच यूपीएसवर घ्यावीत आणि मुख्य स्विच बंद करून संभाषण किती वेळ टिकते, हे घड्याळ लावून पाहावे.

आपत्कालीन क्रमांकाचा प्रश्न याहून गंभीर आहे. ज्या कार्यालयात एक्स्टेंशन तीन अंकी आहेत, तेथे ११२ फिरवल्यास पोलिसांऐवजी आतल्याच एखाद्या टेबलावरची घंटा वाजू शकते. बाहेरील लाइनसाठी आधी शून्य फिरवावे लागत असेल, तर घाबरलेल्या माणसाला ते आठवेलच असे नाही. ११२ आणि १०८ हे क्रमांक थेट बाहेर जातील अशी नोंद करून घ्यावी आणि त्या क्रमांकांची एक्स्टेंशन ठेवू नयेत. इंटरनेट दूरध्वनीवरून बोलणाऱ्याचे ठिकाण दरवेळी अचूक कळेलच असे नाही. या मर्यादेची कल्पना ग्राहकांना द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१७ मध्ये केली होती.

कायद्याची चौकट

भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट दूरध्वनीस मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून परदेशातील दूरध्वनीवर बोलता येई, देशातील साध्या दूरध्वनीवर मात्र नाही. परवानाधारक कंपन्यांची इंटरनेट दूरध्वनी सेवा साध्या दूरध्वनी जाळ्याला जोडण्याचा मार्ग दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये स्पष्ट केला. कॉल सेंटरसारख्या व्यवसायांवरील बंधने नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये शिथिल करण्यात आली.

तरीही एक रेषा कायम आहे. परदेशातून इंटरनेटवर आलेले इतरांचे कॉल अनेक सिमकार्ड बसवलेल्या यंत्रातून स्थानिक कॉल म्हणून पुढे पाठवणे हे अवैध एक्स्चेंज ठरते. अशा कॉलचा मूळ क्रमांक लपतो, म्हणून तपास यंत्रणा ही बाब गांभीर्याने घेतात. जून २०१७ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने लातूर येथे अशा एक्स्चेंजवर कारवाई केली. म्हणजे हा केवळ महानगरांतील प्रकार नाही. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ४२ मध्ये विनापरवाना सेवा देणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास, २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. खोलीच्या भाड्याचे आमिष दाखवून कोणी असा डबा ठेवू पाहत असेल, तर नकार देणेच हिताचे. स्वतःच्या वापरासाठी परवानाधारक कंपनीकडून सेवा घेऊन ती ईपीएबीएक्सला जोडणे ही मात्र यापेक्षा सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे.

जोडणीनंतरची तपासणी

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना क्रमांकाआधी शून्य लागतो. ट्रंक मिळवण्याचा शून्य वेगळा धरल्यास एक्स्टेंशनवरून दोन शून्ये फिरवावी लागतात. गेटवेची मांडणी त्यानुसार करावी. समोरच्याने फोन ठेवल्यावर ट्रंक लगेच मोकळी होते काय, हे तपासावे. गेटवेला बिझी टोन ओळखता आला नाही तर लाइन तासन्‌तास अडकून राहते. फॅक्ससाठी ‘टी ३८’ ही सोय लागते. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि गरज नसल्यास आयएसडी बंद ठेवावे. अन्यथा इंटरनेटवरून शिरलेला चोर रात्रीतून परदेशी कॉल करतो आणि देयक कार्यालयाच्या नावावर येते.

सर्व तपासण्या पूर्ण होऊन महिनाभर व्यवहार सुरळीत चालल्याखेरीज ०२४५६ ने सुरू होणारी जुनी लाइन परत करू नये. अनेक वर्षे ग्राहकांच्या वह्यांत लिहिलेला तो क्रमांक नव्या सेवेवर कायम राहील काय, हे कंपनीकडून आधीच लेखी घ्यावे. यंत्र पुन्हा विकत घेता येते; सोडलेला क्रमांक परत मिळेलच, याची हमी नसते.