जहाजावरील बिनपगारी कामगार



जहाजांचा इतिहास आपण कप्तानांच्या नावांनी वाचतो. पण जुन्या शिडाच्या जहाजांच्या पोटात धान्याची पोती असत, दोरखंड असत, शिडाचे कापड असे. आणि या सर्वांवर उंदीर टपलेले असत. किनारा शेकडो मैल दूर असताना धान्याची नासाडी म्हणजे खलाशांची उपासमार. म्हणून जहाजावर मांजर पाळीत. त्याचे नाव पगारपत्रकावर नसे. काम मात्र रोजचे असे.

अशा एका मांजराची हकीकत सांगतो. १९१४ साली अर्नेस्ट शॅकल्टन दक्षिण ध्रुवाचे खंड ओलांडण्यासाठी ‘एन्ड्युरन्स’ जहाजातून निघाला. जहाजावरचा सुतार हॅरी मॅक्निश हा स्कॉटलंडचा. त्याने आपले मांजर बरोबर घेतले. इंग्रज खलाशी सुताराला ‘चिप्पी’ म्हणतात. मांजर सारखे त्याच्या पायांत घोटाळे, म्हणून त्याचे नाव पडले ‘मिसेस चिप्पी’. पुढे कळले की तो बोका आहे! नाव मात्र तेच राहिले.

जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्राच्या बर्फाने जहाज पकडले आणि ऑक्टोबरात चिरडले. आता २८ माणसांना होड्या ओढीत बर्फावरून जायचे होते. ओझे ओढू न शकणाऱ्या जिवाला पोसणे परवडणार नाही, असे शॅकल्टनने ठरविले. बोक्याला व कुत्र्यांच्या पिलांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढे गाड्या ओढणारे मोठे कुत्रेही त्याच वाटेने गेले. त्या बर्फावर दुसरा इलाज होता, असे छातीठोकपणे कोण सांगेल? पण सुताराने याची क्षमा केली नाही.

डिसेंबरात मॅक्निशने काम नाकारले. जहाज बुडाले तेव्हाच करार संपला, असे त्याचे म्हणणे. शॅकल्टनने करारनामा वाचून दाखविला आणि सुतार पुन्हा कामाला लागला. पुढे त्याच सुताराने ‘जेम्स केअर्ड’ या लहान होडीच्या कडा उंच केल्या, वर छप्पर घातले. त्या होडीतून १९१६ साली सहा जणांनी सुमारे ८०० मैल कापून साउथ जॉर्जिया बेट गाठले व मदत आणली. सर्व २८ माणसे वाचली. पण ध्रुवपदके वाटली गेली तेव्हा मॅक्निशला वगळण्यात आले.

१९३० साली वेलिंग्टन येथे तो दारिद्र्यात वारला. अखेरच्या काळात गोदी कामगारांच्या वर्गणीचा त्याला आधार होता. २००४ साली त्याच्या थडग्यावर त्या बोक्याचा ब्राँझचा पुतळा बसविण्यात आला.

मंडळी, ज्याचे नाव वहीत नाही, त्याचे काम नव्हते असे समजू नका. इतिहास वाचताना पगारपत्रक, पदकांची यादी जरूर पाहा. आणि त्यांतून कोण गळले, हेही विचारा.