एन्डेव्हरचे पोलाद

शर्यतीसाठी बांधलेली नौका मोडकळीला आली की तिला जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे, या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडच्या ‘एन्डेव्हर’इतके स्पष्टपणे क्वचितच कोणी दिले असेल. विमाने बांधणाऱ्या टॉमस सॉपविथसाठी चार्ल्स निकल्सनने आखलेली ही सुमारे १३० फुटांची पोलादी नौका १९३४ साली अमेरिका कपसाठी उतरली. निघण्यापूर्वीच पगारावरून पगारी खलाशांनी काम सोडले, हौशी मंडळी घेऊन जावे लागले; तरी पहिल्या दोन शर्यती तिने जिंकल्या आणि मग अमेरिकी नौका ‘रेनबो’कडून ४-२ अशी हरली. पुढे ती भंगारात निघाली, मेडिना नदीत बुडाली, दोन सुतारांनी ती १० पौंडांना घेतली. १९८४ मध्ये एलिझाबेथ मेयर यांनी ती विकत घेतली तेव्हा उरले होते ते गंजके कवच. सुकाणू नाही, खालचे शिसे नाही, आत काही नाही.

हे कवच रंगवून संग्रहालयात ठेवता आले असते. पण ते वाकलेले होते, आणि नुसते बघायला ठेवायचे तर ते वाकलेलेच राहिले असते. पुन्हा शर्यतीत पळवायचे तर मात्र ते चालणार नव्हते. शिडात वारा भरला की डोलकाठी बुडाला खाली दाबते, तिचे ताण काठांना वर खेचतात, शिसे उलट बाजूने झुंजते. या ओढाताणीत तिरपे अंग टिकत नाही. म्हणून कॅल्शॉटला जागच्या जागी पोलादी चौकट उभारून ते आधी सरळ करावे लागले, कुजके पत्रे बदलावे लागले, आणि मग हॉलंडच्या रॉयल हाउस्मान गोदीत उरलेले काम झाले. १९८९ मध्ये ती पुन्हा शिडावर चालली. मूळ आखणीशी प्रामाणिक राहण्याची सक्ती शर्यतीनेच केली.

यावर आक्षेप येतो की इंजिन, नवी डोलकाठी आणि आलिशान खोल्या घातल्यावर जुने राहिले काय? डोलकाठीपुरता हा आक्षेप मला मान्य नाही, कारण सॉपविथनेही विमानविद्येतले जे नवे हाती होते ते याच नौकेवर चढवले होते. इंजिन आणि खोल्यांचे मात्र तसे समर्थन करता येत नाही. अफाट खर्च पेलणाऱ्या मालकासाठी केलेली ती तडजोड आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो: आखणीच जपायची तर प्रतिकृती का नको? जुन्या आराखड्यांवरून २००३ मध्ये नवी ‘रेंजर’ झाली, २००९ मध्ये ‘एन्डेव्हर २’ची प्रतिकृती ‘हनुमान’ नावाने उतरली, आणि दोन्ही उत्तम धावतात. पण आराखडा सांगतो तो आखणाऱ्याचा विचार. कारागिरांनी प्रत्यक्षात काय बांधले, ते पत्र्यांवर आणि जोडांवर कोरलेले असते. १९३० ते १९३७ या काळात ‘एन्डेव्हर’च्या वर्गाच्या दहाच नौका झाल्या. अमेरिकेच्या सहाही भंगारात गेल्या, उरल्या त्या तीन ब्रिटिश: ‘शॅमरॉक ५’, ‘वेल्शेडा’ आणि ‘एन्डेव्हर’. त्या काळच्या बांधणीबद्दल कागद गप्प बसतात तिथे या तिघींकडेच विचारणा करावी लागते.