अरुण, नामदेव आणि गळालेली आद्याक्षरं

निघोजेत पाळी सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये कुणी ‘माउली!’ अशी हाक मारली, की चार माना एकदम वळतात. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी, मधे इंद्रायणी. ज्ञानेश्वर, तुकाराम, नामदेव इथं घरोघर असणारच. पोराला नाव ठेवायचं ते कवीचं, पण कवी म्हणून नव्हे, संत म्हणून. याच खेड तालुक्यात, पूर-कनेरसरला, १९४९ साली जन्मलेल्या एका मुलाचंही नाव नामदेव ठेवलं गेलं. त्यानं १९७२मध्ये ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह छापला आणि नामदेव म्हटल्यावर पंढरपूरच्या जोडीनं कामाठीपुराही आठवायला लागला.

त्या पुस्तकावर ‘ना. ल. ढसाळ’ असं नाव नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याआधीच्या पिढीतला मराठी कवी बहुधा टोपणनावाआड असे, नाहीतर आद्याक्षरांआड: बा. सी. मर्ढेकर, पु. शि. रेगे, ना. घ. देशपांडे. नटाचं उलट. केशवराव दाते, नानासाहेब फाटक. जाहिरातीच्या फलकावर नाव कसं भरघोस हवं! त्यामुळे कवी आणि नट यांची नावं सारखी असली तरी ते कुणाच्या ध्यानात येत नसे. साठच्या दशकात अनियतकालिकं काढणाऱ्या कवींनी आद्याक्षरं झटकली आणि नावं उघडी पडली. दिलीप चित्रे कवी, दिलीप प्रभावळकर नट.

सगळ्यात सुरेख गाठ अरुणची. हे संताचं नाव नव्हे, देव्हाऱ्यातलंही नव्हे. विनतेनं उतावळेपणानं अंडं फोडलं म्हणून मांड्यांविनाच जन्मलेला तो सूर्याचा सारथी. कोल्हापुरात १९३२ साली एक अरुण जन्मला, १९३५ साली दुसरा. पहिला कोलटकर, दुसरा सरनाईक. कोलटकर मुंबईला जे. जे.त शिकले, जाहिरातींची चित्रं-अक्षरं जमवत राहिले आणि १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ आल्या. शीर्षकातच नाव, तेही एकेरीत! ‘अ. बा. कोलटकर यांची कविता’ असं छापलं असतं तर कपाटातच राहिलं असतं, असं मला उगीच वाटतं. दोनच वर्षांनी ‘सिंहासन’ चित्रपटात सरनाईक मुख्यमंत्री झाले. गायक-नट शंकरराव सरनाईकांचा हा मुलगा, ‘घरकुल’साठी गायलाही. १९८४च्या अपघातात तो गेला. कोलटकर २००४मध्ये गेले. त्याच वर्षी ‘श्वास’मधले आजोबा म्हणून तिसरा अरुण, नलावडे, घराघरांत पोचला.

या सगळ्याच्या उलट चाल किशोर कदमांची: माणूस एक, नावं दोन. ‘फँड्री’तला कचरू माने किशोर कदम, कवितेखाली मात्र सौमित्र. सौमित्र म्हणजे सुमित्रेचा मुलगा, लक्ष्मण. ढसाळांनी गाळलेला तो ‘ल.’ही लक्ष्मणाचाच, त्यांच्या वडिलांचा.