गोबर-गॅस आणि अरण्यांतील चूल

मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत १८९७ सालीं मैल्यापासून निघालेल्या वायूवर दिवे लागले. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषि-संशोधन संस्थेंत शेणावर प्रयोग झाले. पुढें जशभाई पटेल यांनीं घडविलेलें संयंत्र खादी आयोगानें १९६२ च्या सुमारास हातीं घेऊन खेडोपाडीं नेलें. शहरांत उजेडासाठीं वापरलेला हा वायू चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत चुलीसाठीं, किंबहुना जिवासाठीं हवा आहे. कारण सरपणास गेलेल्या स्त्रियांची गांठ तेथें वाघाशीं पडते. तेथील उष्ण हवा या वायूस अनुकूल आहे. परंतु रानांत चरणाऱ्या गुरांचें शेण रानांतच राहतें, आणि घनमीटरभर वायूस सुमारें २५ किलो शेण लागतें. म्हणून आधीं दुभत्या गाईंचा गोठा, मगच संयंत्र, हा क्रम तेथें पाळावा लागतो.