बॉण्ड दहा वर्षांचा

नोकरी न सोडता एम.बी.ए. करायची सोय शिकागो विद्यापीठाने १९४३ साली काढली. आपल्याच माणसाला शिकवून परत कामाला घ्यायचं, हा कंपन्यांचा हिशोब तेव्हापासून चालू आहे. आमच्याकडे तो 'स्पॉन्सरशिप' या गोंडस नावाने येतो. फी कंपनीची, वीकेंड आपले, आणि पदवीनंतर दोन वर्षं हलायचं नाही. हललात तर फी परत. असा एक कागद सध्या माझ्या टेबलावर सहीसाठी पडून आहे. तो वाचताना मला सारखा आठवतो तो शिकागोच्याही तीस वर्षं आधीचा बडोद्याचा करार.

१९१३ साल. सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. बदल्यात परतल्यावर संस्थानची दहा वर्षं नोकरी. इंजिनिअरला गुणाकार केल्याशिवाय राहवत नाही: ४१४ पौंडांना दहा वर्षं! तरी सौदा महाग होता असं मला वाटत नाही. न्यूयॉर्कचं दार तेव्हा त्यांना दुसरं कोण उघडून देणार होतं?

घोळ पुढे झाला. शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते १९१७ मध्ये बडोद्याला हजर झाले. अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाला नेमलं लष्करी सचिव! कचेरीत शिपाई लांबून फायली फेकायचे. गावात कुणी खोली देईना, म्हणून पारशी नाव लावून एका पारशी वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी लोक लाठ्या घेऊन दारात आले. दहा वर्षांच्या बॉण्डचा माणूस रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

आमच्या बॉण्डची त्याच्याशी तुलना म्हणजे आचरटपणा, हे कळतं मला. आमचं फार तर प्रमोशन लटकेल. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पैसे देणारे महाराज चांगलेच होते. रोजची गाठ मात्र कचेरीशी आणि गावाशी होती. माझ्याकडच्या कागदातही मी काय द्यायचं ते आकड्यांत आहे. शिकून आल्यावर मला काम कुठलं आणि साहेब कोण, याबद्दल अवाक्षर नाही. ते लेखी मिळाल्याशिवाय मी सही करणार नाही. फी किती वाचते, हा प्रश्न नंतरचा.

बाबासाहेब १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथली पोरं वाणिज्य शाखेची, आणि कॉलेज सुरू झालेलं तेही १९१३ सालीच. पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने (हाही पारशीच, बरं का) उसने दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि राहिलेला अभ्यास पुरा केला. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. या खेपेला बॉण्ड नव्हता.